सहा शब्द तुझे, सहा माझे

ताईसिया प्रोखोरोव्ना निवृत्त झाली त्या दिवशी डेपोतल्या बायकांनी तिला जाड लोकरीची शाल दिली आणि विचारलं, "आता काय करणार गं?"

"अंग गरम होईपर्यंत बसून राहणार," ती म्हणाली.

सगळ्या हसल्या, पण ती खरंच बोलली होती. इर्कुत्स्कच्या रस्त्यांवर तिने उभा जन्म ट्रॉलीबस चालवली होती. चालकाच्या केबिनमध्ये थंडी तळपायांतून शिरायची, गुडघ्यांत मुक्काम करायची आणि उन्हाळा आला तरी उठायचं नाव घ्यायची नाही. एवढ्या थंडीतही तिला एक सवय होती, तिला स्वप्नं पडायची, तीही जागेपणी. सिग्नलला गाडी उभी असली की पुढच्या काचेवरच्या हिमाच्या नक्षीत तिला पानं दिसायची. मोठी, ओली, हिरवी पानं. मागून कोणीतरी ओरडायचं, "अहो बाई, हिरवा लागला!" आणि ती म्हणायची, "हो, दिसतोय."

अंगारा नदीच्या काठी, शहराच्या बाहेर तालनिकी नावाची वस्ती आहे. तिथे बापाने बांधलेल्या लाकडी घरात ती थोरल्या भावाबरोबर राहायची. भावाचं नाव इन्नोकेंती, घरचे त्याला केशा म्हणत. तो नदीवरच्या बोटींचा मेकॅनिक होता. त्याचं लग्न झालं आणि मोडलं. तिचं झालंच नाही. दोघांत बोलणं कमी आणि टोमणे फार. सकाळी तो म्हणायचा, "चहा आहे की गरम पाणी?" ती म्हणायची, "तुझ्या तोंडाची चव गेली असेल तर त्याला मी काय करू?" एवढ्यावर दिवस निघायचा.

घराच्या दक्षिणेला काचेची पडवी होती. उन्हाळ्यात तिथे टोमॅटो लागत. पहिल्या कडक थंडीला सगळं काळं पडून माना टाकायचं, आणि मग वसंतापर्यंत ती पडवी म्हणजे बर्फाची पेटी. ताईसिया भट्टीपाशी बसून दाराच्या काचेतून त्या पेटीकडे बघत राहायची.

शेजारी रोदिओन राहायचा. तिशीतला, किडकिडीत, कायम घाईत असलेला माणूस. त्याच्या घरामागे एक लोखंडी कंटेनर होता आणि त्यातून बाराही महिने घोंघावणं ऐकू यायचं. आमच्याकडे त्याचं कोणाला नवल नव्हतं. वरच्या अंगाला धरण आहे, वीज स्वस्त आहे, त्यामुळे कोणाच्या गॅरेजात, कोणाच्या गच्चीत, कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात बिटकॉइन काढणारी यंत्रं बसली होती. ताईसिया निवृत्त झाल्यावर तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी रोदिओनने नवी यंत्रं आणली आणि एक जुनं घसरगाडीवर घालून ताईसियाच्या दारात ओढत आणलं.

"ताईसिया प्रोखोरोव्ना, हे घ्या. माझ्या पोरीला तुम्ही दोन हिवाळे सांभाळलंत. तुम्ही पैसे घेतले नाहीत, तर आता हे तरी नाही म्हणू नका."

बुटांच्या खोक्याएवढं, दोन्ही टोकांना पंखे असलेलं ते राखाडी धूड बघून केशाने भुवया चढवल्या. "हे काय, टोस्टर?"

"पैसे काढणारं यंत्र आहे, इन्नोकेंती प्रोखोरोविच."

"मग तूच का ठेवत नाहीस? पैसे चावतात का तुला?"

"जुनं झालंय. पैसे थोडे काढतं आणि ऊब फार देतं."

ऊब हा शब्द ऐकला आणि ताईसियाने यंत्र उचलून घरात नेलं. पुढचं तिने काही ऐकलंच नाही.

सुरुवात अगदी वाईट झाली. तिने ते बैठकीच्या खोलीत, कपाटाशेजारी लावलं. बटण दाबताच असा आवाज उठला, जणू घरातून विमान उडतंय. मांजर जे पळालं ते दुसऱ्या दिवशी रोदिओनच्या कंटेनरखाली सापडलं. भट्टीशेजारी चहाची केटली होती, तीही विजेची. ती सुरू केल्याबरोबर घरभर अंधार. केशा फ्यूज बदलत म्हणाला, "वा! श्रीमंत व्हायच्या आधीच दिवे विझले!" मग तिने आवाज कमी व्हावा म्हणून यंत्राला मायेने जुनी गोधडी पांघरली. थोड्या वेळाने ते आपोआप बंद पडलं आणि हात लावावा तर चटका बसेल इतकं तापलेलं.

रोदिओन धावत आला. "अहो, त्याला श्वास घेऊ द्या! याला ऊब नको, गारवा पाहिजे. गार हवा एका बाजूने आत, गरम हवा दुसऱ्या बाजूने बाहेर. एवढंच त्याचं आयुष्य."

"बिचारं," ताईसिया म्हणाली. "माझ्या अगदी उलट."

चहा पिता पिता तिने त्याला विचारलं की हे आत करतं तरी काय. रोदिओनने जिलबीसारखं गोल गोल बरंच सांगितलं. तिने त्यातलं आपल्यापुरतं उचललं ते असं: जगभर अशी लाखो यंत्रं आहेत. सगळी मिळून एकाच कुलपाला आकडे लावून बघतात. हा नाही, तो नाही, हाही नाही. ज्याचा आकडा लागेल त्याला नाणं. मग लगेच नवं कुलूप. एकट्याचा आकडा लागायला सात जन्म पुरायचे नाहीत, म्हणून लोक गट करतात आणि गटातल्या कोणाचाही लागला की ज्याने जेवढी मेहनत केली तेवढा वाटा त्याला मिळतो. नाणं दिसत नाही, वाजत नाही. नुसती नोंद होते, आणि ती नोंद जगातल्या सगळ्यांकडे असते.

"म्हणजे आत्ता कुठेतरी दुसरी बाईसुद्धा हेच कुलूप उघडतेय?" ताईसियाने विचारलं.

"बाई, बाप्या, कोणीही. आइसलँडला, पराग्वेला..."

"पराग्वेला," ती म्हणाली आणि पेल्यातला चहा निवून गेला.

यंत्र पडवीत न्यायची कल्पना तिची, पण काम केशाचं. तो शिव्या घालत घालत कामाला लागला. मुख्य पेटीपासून वेगळी जाड तार ओढली. यंत्र कोरड्या फळीवर उंच बसवलं, कारण कुंड्यांची ओल त्याला मानवणार नव्हती. मग लाकडाचा एक लांब बोगदा केला आणि त्याला आतून जुन्या बुटांची दाबलेली जाड लोकर चिकटवली. गरम हवा त्या बोगद्यातून कुंड्यांच्या रांगेखाली सोडली. आवाज मऊ झाला. विमान गेलं आणि त्याजागी दूरच्या धबधब्यासारखं काहीतरी उरलं. धूळ जाऊ नये म्हणून तोंडाशी जाळी लावायची होती, तिथे ताईसियाचा जुना पायमोजा ताणून बसवला.

"तुझे मोजेसुद्धा आता कमावणार," केशा म्हणाला.

"तू तेवढा राहिलास," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात बाहेर अंगारा वाफाळत होती. धरणाखाली तिचं पाणी गोठत नाही. कडाक्याची थंडी पडली की त्यावर पांढरा धूर उठतो, काठची झाडं हिमाने लगडतात आणि सूर्य त्या धुरातून शिजवलेल्या अंड्यासारखा वर येतो. त्या उजेडात पडवीच्या काचा गुलाबी व्हायच्या. आत ताईसिया सदऱ्याच्या बाह्या वर करून बसायची. पायाखाली ऊब, डोक्यावर यंत्राची गुणगुण, आणि समोर आधी शेपू, मग पुदिना, मग काकडीचा वेल. वेलाने सुतळी धरली, छताकडे निघाला आणि जानेवारी सरायच्या आत त्याला पिवळं फूल आलं. तिने केशाला हाक मारली. तो आला, बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "वेडं आहे. बाहेर बघायला सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी त्याने आपली खुर्ची पडवीत आणून ठेवली.

तिथे त्या दोघांना बोलणं सुचायला लागलं. गुणगुणीमुळे जरा मोठ्याने बोलावं लागायचं, आणि मोठ्याने बोलताना टोमणा नीट मारता येत नाही म्हणून असेल, पण ते साधंच बोलायला लागले. केशा बोटींच्या गोष्टी सांगायचा. बैकाल सरोवरावर एका पहाटे इंजिन बंद पडलं होतं आणि बोट वाऱ्यावर सोडून सगळे जण कसे गप्प बसून राहिले होते, ते त्याने सांगितलं. पाणी इतकं नितळ होतं की आकाशावर बसल्यासारखं वाटत होतं. "तेव्हा मला वाटलं, इंजिन दुरुस्त झालंच नाही तरी चालेल," तो म्हणाला. आयुष्यभर एका घरात राहून ताईसियाला हे माहीत नव्हतं.

नाणी मात्र कणाकणाने साठत होती. ती ठेवायला फोनमध्ये एक पाकीट लागतं, ते रोदिओनने उघडून दिलं. मग तो म्हणाला, "आता पडद्यावर बारा शब्द येतील. ते म्हणजे किल्ली. फोन हरवला, मोडला, तरी हे शब्द असले की नाणी तुमची. दुसऱ्या कोणाला कळले तर त्याची. मी भिंतीकडे तोंड करून बसतो." आणि तो खरोखरच भिंतीकडे तोंड करून जर्दाळूचा मुरंबा खात बसला.

शब्द इंग्रजी होते, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेले. ताईसियाने शाळेतला शब्दकोश काढला. "कागदावर लिहू?"

"कागद उंदीर खातील," केशा म्हणाला. "डोक्यात ठेव."

"बारा? माझ्या डोक्यात थांबे मावतात तेवढेच."

"मग सहा तुझे, सहा माझे. माझे मी तुला सांगणार नाही, तुझे तू मला सांगू नकोस."

"असं का?"

"म्हणजे तू नाणी घेऊन पराग्वेला पळून जाणार नाहीस."

रोदिओन भिंतीकडे बघत म्हणाला, "असं कोणी करत नसतं."

"आम्ही करतो," केशा म्हणाला.

ताईसियाच्या वाट्याला आले दिवा, चमचा, हिवाळा, हंस, लोणी, पेन्सिल. कणीक मळताना ती ते मनात घोळवायची. हळूहळू त्यांचं एक चित्र झालं: हिवाळ्यातल्या दिव्याखाली एक हंस चमच्याने लोणी खातोय आणि कोणीतरी पेन्सिलीने त्याचं चित्र काढतंय. केशाचे कोणते, तिला कळलं नाही; त्याने आपला अर्धा पडदा हाताने झाकून ठेवला होता. बर्फ ओढताना त्याचे ओठ हलत, सहा वेळा फावडं पडे, आणि तो थांबून समाधानाने नाक शिंकरत असे.

फेब्रुवारीत, स्वच्छ उन्हाच्या दुपारी, ती दोघं पडवीत चहा घेत होती. ताईसियाने पहिली काकडी कापली होती. बोटाएवढी होती, पण वास सगळ्या घरात भरला होता. केशाने फोड तोंडात टाकली आणि काहीतरी म्हणाला. तिला नीट ऐकू आलं नाही. "काय?" तिने विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, आणि ते शब्द नव्हते. त्याच्या हातातला पेला हळूच कलला. चहा मांडीवर सांडला तरी त्याने खाली पाहिलं नाही. तो तिच्याकडे बघत होता, चेहऱ्याची एक बाजू झोपी गेल्यासारखी.

तिने फोन केला, रोदिओनला हाक मारली, शाल केशाभोवती गुंडाळली. रुग्णवाहिका आली. गडबडीत फोन तिच्या खिशातून अंगणात पडला आणि मागे सरणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चाकाखाली चुरा झाला. तिने तो पाहिलाही नाही. दवाखान्याच्या वाटेवर ती एकसारखी त्याचा उजवा हात चोळत होती. तो हात तिला प्रथमच थंड लागला.

केशा वाचला. पाय सावरला, काठीने चालू लागला. हाताची मूठ कशीबशी मिटायची. पण बोलणं गेलं ते गेलं. समजायचं त्याला सगळं. बोलायला तोंड उघडायचा आणि आतून नुसता "ता, ता" एवढाच आवाज यायचा. मग तो संतापून डोळे मिटून घ्यायचा.

"पडवीत बसवू का त्याला?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"जिथे त्याला बरं वाटेल तिथे बसवा. आणि बोलत राहा. जुनी पाठ असलेली गोष्ट कधीकधी आधी परत येते. गाणं, पाढे, प्रार्थना."

केशाला गाणं येत नव्हतं आणि देवाचं त्याचं कधी जमलं नव्हतं. पाढ्यांचाही उपयोग झाला नाही. ताईसिया त्याच्याजवळ बसून त्याच्याच बोटींच्या गोष्टी त्याला सांगायची, चुका करून, म्हणजे तो चिडून दुरुस्त करेल. तो चिडायचा, पण दुरुस्त करू शकत नव्हता. गुणगुण चालू होती. यंत्र आकडे लावत होतं. हा नाही, हाही नाही. नाणी कुठेतरी साठत असतील, तिच्या हातात मात्र अर्धी किल्ली होती. रोदिओनला वाईट वाटायचं, ती म्हणायची, "राहू दे रे. ऊब तर मिळतेय."

बर्फ वितळायला लागलं. छपरावरून पागोळ्या गळत होत्या. एका सकाळी ताईसिया कुंड्यांना पाणी घालत होती आणि पाठीमागून तिला तिच्या भावाचा आवाज आला. घोगरा, गंजलेला, पण त्याचाच.

"नदी," तो म्हणाला.

तिने झारी खाली ठेवली नाही. हलली नाही. हलली असती तर ते उडून गेलं असतं.

"छत्री," केशा म्हणाला. "शिडी." मग तो अडला. ओठ हलले, काही आलं नाही. त्याने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर एक टिचकी मारली, तेवढी जागा सोडली, आणि पुढे गेला. "अनाथ. चंद्र."

झारीतलं पाणी सांडत होतं आणि तिच्या बुटांत जात होतं. ती रडत होती की हसत होती, तिला नंतरही सांगता आलं नाही. केशाने पुन्हा सुरू केलं. "नदी. छत्री. शिडी." टिचकी. "अनाथ. चंद्र." कितीतरी वेळा. दुसरं काही त्याला म्हणता येत नव्हतं; पण हे म्हणता येत होतं, आणि तो बर्फ ओढताना जसा म्हणायचा तशाच तालावर म्हणत होता.

त्यानंतर काही दिवस त्या घरात सगळी बोलणी त्याच पाच शब्दांत झाली. भूक लागली की "शिडी." खिडकी उघड म्हणजे "चंद्र." राग आला की "छत्री!" आणि तो इतका मनापासून म्हणायचा की शेजारणीला वाटलं ही नवी शिवी आहे. ताईसियाही उत्तरं तशीच द्यायची. तो म्हणायचा, "नदी?" ती म्हणायची, "हंस, हंस. आणते." आणि चहा आणायची. आपले शब्द सांगायचे नाहीत हा करार तेव्हाच मोडला, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या पाच शब्दांच्या फटीतून मग दुसरे शब्द यायला लागले. आधी "ताया", तिचं लहानपणचं नाव. मग "नको". मग "गरम".

रोदिओनला हे कळलं तेव्हा तो उडालाच. "अकरा शब्द आहेत? अहो, मग काम झालं! एकच हरवलाय. यादीतले शब्द ठरलेले असतात, एकेक लावून बघायचा. माझा संगणक चुटकीसरशी शोधेल."

ताईसियाने केशाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. रोदिओन पडवीतच संगणक मांडून बसला आणि त्यांची चहाची दुसरी फेरी व्हायच्या आत म्हणाला, "सापडला. चौथा शब्द कोबी."

केशाने डोळे मोठे केले. लहानपणापासून त्याने कोबीला तोंड लावलं नव्हतं. आई मारायची, तरी नाही. बोटीवर कोबीचं सूप असलं की तो कोरडा पाव खायचा. त्याने तोंड वाकडं केलं, पूर्ण वाकडं, झोपलेल्या बाजूसकट, आणि फार स्पष्टपणे म्हणाला, "थू!"

ताईसिया इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. केशाही हसायला लागला. रोदिओन दोघांकडे बघत होता आणि सांगायचा प्रयत्न करत होता की नाणी सगळी जागच्या जागी आहेत, पण त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

त्या नाण्यांच्या पैशांतून एक बाई घरी यायला लागल्या, गेलेली वाचा परत शिकवणाऱ्या. वेरोनिका एमिलिएव्ना त्यांचं नाव. कडक होत्या. केशा त्यांना घाबरायचा आणि त्यांच्या येण्याच्या दिवशी दाढी करायचा. उरलेली नाणी पाकिटातच राहिली. ताईसियाने त्यांचं काही करायचं मनातही आणलं नाही.

पुढे आमच्या भागात वीज पुरेना. तारा तापायच्या, दिवे मंदावायचे. मग यंत्रं लावायलाच बंदी आली. रोदिओनने कंटेनर रिकामा केला आणि मधमाश्या पाळायला घेतल्या. म्हणतो, यांचाही आवाज तसाच आहे. ताईसियाने आपलं यंत्र स्वतःच्या हाताने बंद केलं. पंखे फिरत फिरत हळू झाले, थांबले, आणि पडवी एकदम इतकी शांत झाली की पागोळ्यांचा थेंब न् थेंब ऐकू यायला लागला. पराग्वेमधली ती बाई आता एकटीच कुलूप उघडत असेल, असं तिच्या मनात आलं.

हिवाळ्यात पडवी आता पुन्हा गोठते. कुंड्या भट्टीच्या खोलीत येतात, वेल येत नाही. ताईसियाचे गुडघे दुखतातच. पण जूनमध्ये, पक्षीचेरीची झाडं पांढरी फुलली की ती दोघं नदीवर जातात. केशा काठी टेकत पुढे, ती मागे. तो हळू बोलतो, एक शब्द, मग थांबतो, मग दुसरा. घाईचा माणूस त्याच्याशी बोलू शकत नाही. परवा काठावर एक तरुण गळ टाकून बसला होता आणि केशा त्याला सांगत होता की गळ चुकीचा बांधलाय. त्या एका वाक्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात तरुणाने दोन मासे पकडले.

"आता बोला, काका," तो तरुण म्हणाला.

केशाने माशांकडे पाहिलं, तरुणाकडे पाहिलं आणि वाक्य शेवटपर्यंत पूर्ण केलं. ताईसिया मागे गवतात शाल पसरून, उन्हाकडे तोंड करून बसली होती. तिला कुठेही जायचं नव्हतं.